तंबोऱ्यामागून : वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी प्रश्न उलटा तुमच्याकडेच टाकला होता. गेल्या वर्ष-दीड वर्षात समोर बसून ऐकलेल्या एखाद्या कार्यक्रमाबद्दल लिहा, आणि तिथं काही अडलं असेल तर विचारा. एकतीस पत्रं आली. त्यांतली निम्मी माफी मागून सुरू होतात. ‘मला गाण्यातलं काही कळत नाही, पण...’, ‘आम्ही आपले अडाणी श्रोते, तरी...’ एकानं तर वरच्या कोपऱ्यात ‘चूकभूल देणेघेणे’ लिहिलंय, उधारीच्या वहीवर लिहावं तसं.

नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी. राहणार मिरज, ब्राह्मणपुरी. शाळेत अठ्ठावीस वर्षं संगीत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांच्या मागं तंबोऱ्यावर बसले. त्यामुळं मैफलीत मला दिसते ती गवयाची पाठ आणि तुमची तोंडं. तुम्ही कधी खुलता आणि कधी घड्याळ बघता, ते मला गवयाच्या आधी कळतं. पत्रं वाचताना कितीतरी तोंडं आठवली.

‘मी तासगावचा, द्राक्षबागायतदार. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं उत्सव असतो, तिथं मित्रानं पहिल्यांदाच ओढत नेलं. गवई येऊन बसले, आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं ट्यांव ट्यांव चाललं. शेजारी बसलेला म्हणाला, हे घरनं लावून आणता येत नाही का? मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पुढं गाणं चांगलं झालं, पण कळलं किती ते विचारू नका. बाई, एवढा वेळ नेमकं काय चालतं?’

दादा, तुमच्या बेदाण्याच्या शेडवर हवेत जरा ओल आली की तुम्ही किती वेळा आत-बाहेर करता? तसंच आहे हे. वाद्य घरनं लावून आणता येतं, पण ते लावलेलं राहत नाही. तंबोरा म्हणजे वाळका भोपळा, लाकूड आणि चार तारा. दुपारी मी तो माझ्या माडीवर सुरात लावला, रिक्षात घालून दर्ग्यापर्यंत आणला, उघड्यावर ठेवला. तेवढ्यात संध्याकाळची हवा फिरली, की सूर हलला.

त्यात मंचावरचे दिवे. तोंडावर हॅलोजन सोडले की पोलादी तार तापते, तापली की सैल पडते आणि सूर उतरतो. तबल्याचं नेमकं उलट. त्याची पुडी चामड्याची, ती उष्णतेनं कोरडी पडते, ताणली जाते आणि चढते. म्हणजे एकाच दिव्याखाली मी खाली घसरते आणि शेजारचा तबलजी वर सरकतो. तो हातोडीनं पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर ठोकत असतो, मी खुंटी पिळत असते, आणि मध्ये बसलेला गवई दोघांची तोंडं बघत असतो. तुम्हाला ऐकू आलं ते ट्यांव ट्यांव म्हणजे ही भांडणं मिटवणं.

चार तारा म्हटलं, त्यांतही रागाप्रमाणं फरक. पहिली सहसा पंचमाची, म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, ‘सा’च्या, आणि शेवटची जाड पितळी, खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. पण मालकंसात पंचमच नाही. मग पहिली तार मध्यमावर उतरवायची. मारव्यात निषादावर न्यायची. आधी मारवा गायला आणि नंतर पंचमाचा राग धरला, की पुन्हा खुंटी पिळणं आलं. शिवाय पुरुष साधारण पेटीच्या काळी एक-दोन पट्टीच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. एका वाद्यावर दोन्ही होत नाही. म्हणूनच बुवांनंतर बाई गायला बसल्या की तंबोरेसुद्धा बदलतात.

हे झालं सुराचं. त्यानंतर जवारी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा थोडा उतरता, गोलसर घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक धागा घालायचा आणि तो केसभर पुढं-मागं सारायचा. एका जागी आला की तार एकदम ‘बोलायला’ लागते, एका सुरातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दहा सूर उठतात. धागा जरा चुकला की तोच तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ही जागा फूटपट्टीनं सापडत नाही, कानानंच शोधावी लागते. चार तारांचे चार धागे. आता वीस मिनिटांचा हिशोब लागला का?

तुम्ही बसला होतात तिथून या तंबोऱ्यांची जन्मभूमी हाकेच्या अंतरावर आहे. दर्ग्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे करणारी घरं आहेत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तिकडचे शेतकरी ते खायला लावत नाहीत, नीट गोल वाढावेत म्हणून जपतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी आली त्या दिवशी मी गल्लीत गेले होते. कारागीर कानस चालवत होते. ‘बाई, कागद मिळाला, आता पोरं शिकली पायजेत,’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा घोडी घासायला लागले.

आणि ‘कळलं किती ते विचारू नका’ असं लिहिलंत, ते मला पटलेलं नाही. पुढं गाणं चांगलं झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्याच कानांनी ना? पुढच्या खेपेला जमलं तर लवकर या आणि आवारातलं चिंचेचं झाड बघा. खाँसाहेब त्याच्याखाली बसून गात, असं आमच्याकडं सांगतात. ख्वाजा मीरासाहेबांच्या चरणी गाणं ही सेवा, म्हणून तिथं आजही मोठमोठे कलाकार मानधन न घेता हजेरी लावतात. तिकीट नाही, खुर्ची नाही, पुढची रांग-मागची रांग असला प्रकार नाही. तुम्ही पहिल्यांदा गाणं ऐकायला योग्य ठिकाणी गेलात.

‘विश्रामबाग, सांगली. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात मला झोप लागली. चांगली अर्धा तास. मिस्टर अजून चिडवतात. कलाकाराचा अपमान झाला का हो?’

ताई, पहाटे तीनला उठून उटणं, चार माणसांची अभ्यंगस्नानं, फराळाची ताटं, आणि साडेपाचला रेशमी साडीत खुर्चीवर. झोप लागली नसती तर मला काळजी वाटली असती.

माझं ऐका. साधारण वीस वर्षांपूर्वी एका लांबलेल्या मैफलीत तंबोऱ्यावर बसल्या बसल्या मला डुलकी लागली. बोटं चालूच होती, त्यांना सवय. पण तारांमधलं अंतर वाढत गेलं. गाणाऱ्या बाईंनी मागं न बघता डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि तान पूर्ण केली. कार्यक्रमानंतर म्हणाल्या, ‘सुरात झोपलीस, बरं केलंस.’ मिस्टरांना सांगा, सुरात झोप लागणं वेगळं आणि कंटाळून लागणं वेगळं. कंटाळलेला माणूस झोपत नाही, मोबाईल काढतो.

‘वय २४, मूळचा विट्याजवळचा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी तमिळनाडूत असतो. गावच्या यात्रेला आलो तेव्हा रात्री ऑर्केस्ट्रा होता. आम्ही पोरं स्पीकरच्या भिंतीपुढं नाचलो. मजा आली, पण नंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती आणि लोकांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. मित्र म्हणतात, तू म्हातारा झालास. लाईव्ह म्हटल्यावर एवढा आवाज पाहिजेच का?’

म्हातारा तू नाहीस, शिट्टी वाजूनही पुढच्या यात्रेत तिथंच उभे राहणारे तुझे मित्र लवकर होतील. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मोठ्या आवाजानं दमतात. शिट्टी म्हणजे त्यांची तक्रार. एक-दोन दिवसांत त्या बऱ्यापैकी सावरतात. पण पुन्हा पुन्हा तेच केलं तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस तरी लावून मिळतात.

आकडे सांगते, कारण तू भट्टीवर काम करणारा, तुला मापाचं महत्त्व कळेल. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढले तरी साधारण चालतं. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत १०० डेसिबलला पोचलास की पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीवर १०० डेसिबलचीच आहे. आता तू त्या भिंतीपुढं किती वेळ होतास ते तूच आठव.

काय करायचं? भट्टीपुढं जातोस तेव्हा काळा चष्मा लावतोस ना, तसे कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतात. बोटानं वळून बारीक करायचे, आत घालायचे, फुगू द्यायचे. कापसाचा बोळा काही कामाचा नाही. आणि स्पीकरपासून वीस-पंचवीस पावलं मागं नाचलास तर नाच कमी होत नाही, उलट गाण्याचे शब्द कळतात. पुन्हा शिट्टी वाजली आणि दोन दिवसांत गेली नाही, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू आलं, तर अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जा.

‘एवढा आवाज पाहिजेच का’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. साऊंडवाल्यांना विचार, तेही खासगीत हेच म्हणतात. पण समोरून पोरं ‘वाढव, वाढव’ म्हणून हात करतात आणि संयोजक त्यांच्यातलाच असतो. तुझ्या कानाला बोचलं हे चिन्ह चांगलं आहे. मित्रांसाठी ते बोचणं विसरू नकोस.

‘मिरज. लेकीनं हट्ट धरला म्हणून २०२५ च्या जानेवारीत तिच्याबरोबर नवी मुंबईला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला गेले. तिकिटासाठी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी चार मोबाईल घेऊन बसल्या होत्या, ऑनलाइन रांगेतला नंबर लाखाच्या घरात. शेवटी एका मैत्रिणीचा लागला. मी नुसती सोबत म्हणून. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो, पुढं लोकलनं नेरूळला उतरून गर्दीबरोबर चालत स्टेडियम. मनगटाला एक पट्टा दिला होता, तो आपोआप पेटायचा, विझायचा, रंग बदलायचा. एका क्षणी सगळं स्टेडियम पिवळं झालं आणि सगळे एका आवाजात गायला लागले. मला एक शब्द येत नव्हता आणि मी रडत होते. लेक म्हणाली, आई, काय झालं? मला सांगता आलं नाही. मी भजनी मंडळात टाळ धरणारी बाई. हे संगीत होतं की नुसता देखावा? आणि मी का रडले?’

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी तिथं नव्हते, तसल्या कार्यक्रमाला कधीच गेलेले नाही, त्यामुळं त्यांच्या गाण्याबद्दल मी बोलणार नाही. तुम्ही लिहिलंय त्याबद्दल बोलते.

दिव्यांचे पट्टे हा देखावाच, आणि हिशोबानं मांडलेला. सगळे एकाच ठिकाणाहून मिळणाऱ्या इशाऱ्यावर पेटतात. पण त्यामागं एक अडचण आहे, ती तुम्हाला टाळकरी म्हणून लगेच कळेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून दीडशे मीटरवर बसलेल्याला तो जवळजवळ अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचतो. अर्धा सेकंद म्हणजे द्रुत तीनतालात दोन मात्रा! म्हणून एवढ्या अफाट मैदानात पुढचे आणि मागचे लोक एकत्र टाळी वाजवूच शकत नाहीत, ती सरकत सरकत जाते. त्यासाठी मध्ये खांबांवर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम मोजून उशिरा सोडतात, म्हणजे मंचावरनं येणारा आणि खांबावरचा एकदम पोचावा. उजेडाला मात्र असा उशीर नाही. तो सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. कानानं जे जुळत नाही ते त्या पट्ट्यांनी डोळ्यांनी जुळवलं.

आपल्या वारीत दिंडी लांबलचक असते, तिथं हा खेळ कसा सांभाळतात आठवा. मृदंगी मध्ये, टाळकरी दोन्ही बाजूंना, पावली टाकताना सगळ्यांची नजर एकमेकांच्या पायांकडं. ऐकू काय येतं त्यापेक्षा समोरच्याचा पाय कधी पडतो, यावर टाळ पडतो. तुमचा हात टाळाला सरावलेला, म्हणून साठ हजार मनगटं एका ठेक्यात पेटलेली बघून तुमच्या हातानं ते ओळखलं असणार. आकडा माझा अंदाजाचा, माणसं कमी-जास्त असतील.

तुम्ही का रडलात, हे मी सांगायला बसले तर आगाऊपणा होईल. रडू आलं ते खरं होतं, तेवढं पुरे. एकच करा. लेकीला एकदा भजनाला न्या, आणि तिला काय वाटलं ते विचारू नका.

(तिकिटाच्या रांगेबद्दल आणखी सहा पत्रांत तक्रार आहे. पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही, असंही दोघांनी लिहिलंय. बँकेच्या नोंदीसह लेखी तक्रार करा, आणि दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर. आणि दुप्पट-तिप्पट दरानं बाहेर मिळणारं तिकीट घेऊ नका. गेटवर ते चालेलच, याची हमी कुणी देत नाही.)

‘कराड. निवृत्त मुख्याध्यापक. मोकळ्या मैदानावर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होता. भाषणं, सत्कार, दीपप्रज्वलन यांत साडेआठ वाजले. गायकांनी दरबारी राग धरला. विलंबित कुठं रंगतोय तोवर संयोजकानं घड्याळ दाखवलं, आणि दहाच्या ठोक्याला समारोपाची भैरवी! दरबारीनंतर लगेच भैरवी हे माझ्या कानांना फार विचित्र वाटलं. मी जुन्या वळणाचा म्हणून वाटलं का?’

सर, विचित्रच होतं, आणि दोष दहाच्या नियमाचा कमी, साडेआठपर्यंतच्या हारांचा जास्त.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे, म्हणून नाट्यगृहातलं नाटक अकराला संपलं तरी चालतं. उघड्यावर मात्र वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात. आपल्या गाण्याला त्यातला एखादाच वाट्याला येतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात एका रात्री बारापर्यंत गाणं चालतं ते त्यामुळं.

मी या नियमाच्या विरोधात नाही. माझ्या घरामागं एक लॉन आहे, लग्नसराईत मी त्या नियमाची पोथीसारखी पारायणं करते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्या लॉनला ती बहुतेक माहीतच नाही.

पण याचा परिणाम काय झालाय, तो तुम्ही बरोबर पकडलात. दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्र चढल्यावरचे राग. रात्री नऊच्या आत दरबारी गाणं म्हणजे भर दुपारी चांदणं शोधणं. अब्दुल करीम खाँसाहेबांची शेवटची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले, वाटेत जीव घाबरला म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढले, तंबोरा लावला आणि दरबारीत ईश्वराचं नाव घेत घेत गेले, असं सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणलं. त्या फलाटावर घड्याळ दाखवणारं कुणी नव्हतं.

आता व्यवहाराचं. तुमच्या मंडळात तुमचा शब्द चालत असेल, तर दोन गोष्टी करून बघा. सत्कार मध्यंतरात आणि एकच हार. आणि वर्षातून एक मैफल सकाळी सातला ठेवा. संध्याकाळचा श्रोता आयुष्यभर यमन, पूरिया, बागेश्री ऐकतो. ललत, भटियार, तोडी त्याच्या कानावर रेकॉर्डवरनंच पडतात. सकाळी माणसं येत नाहीत म्हणतात. इथं एका घरगुती बैठकीत सकाळी सातला चाळीस माणसं आली होती, त्यांतली पाच फिरायला निघालेली, बुटासकट दारात उभी. तोडी संपली तेव्हा ती पाचही आत बसलेली होती.

आता झटपट काही.

*मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं का?* संयोजक नाही म्हणत असतील तर नाही. हो म्हणत असतील तरी हात वर करून नको. तुमच्या पडद्याचा उजेड गवयाच्या डोळ्यांत जातो. मी मागं बसते, मला अंधारात तीस निळे चौकोन दिसतात आणि त्यांच्यामागची तोंडं दिसत नाहीत. नंतर ते रेकॉर्डिंग किती जणांनी ऐकलं, हे एकदा विचारून बघायचंय.

*दाद नेमकी कधी द्यायची? चुकीच्या जागी दिली तर लोक बघतात.* बघू द्या. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला मान हलते, ती हलू द्या. चुकीच्या जागेचं मनापासूनचं ‘वा’ गवयाला गोड लागतं. शेजाऱ्याकडं बघून दिलेलं बरोबर जागेचं ‘क्या बात है’ त्याला लगेच ओळखू येतं.

*फर्माईशीची चिठ्ठी पाठवावी का?* पाठवा, पण सुरुवातीला. भैरवी सुरू झाल्यावर तिसऱ्या रांगेतून नाट्यगीताची चिठ्ठी येते, ती पुढं द्यायचं काम माझ्याकडं असतं. मी ती बहुतेकदा मांडीखाली ठेवते. आज कबूल करते.

*पाच वर्षांच्या मुलाला न्यावं का?* न्या. कडेला बसा. चुळबुळ करायला लागला की बाहेर न्या, वडापाव द्या, परत आणा. मी ज्यांना शिकवलं त्यांतली जी दोन मुलं आज गातात, ती दोघंही लहानपणी मैफलीत भेळ खाऊन हात सतरंजीला पुसलेली आहेत.

शेवटचं पत्र. हे पोस्टकार्डावर आलंय, थरथरत्या पण ओळीतल्या अक्षरांत. बुधगावच्या आजोबांचं आहे, वय ८३ लिहिलंय.

‘बाई, गेल्या नवरात्रात तुमच्याकडच्या कार्यक्रमाला नातवानं मोटरसायकलवर आणलं. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. मी गाणं शिकलेलो नाही, आयुष्यभर गिरणीत काम केलं. कार्यक्रम फार छान. एक विचारतो, राग मानू नये. शेवटच्या अर्ध्या तासात डाव्या बाजूच्या तंबोऱ्याचा काहीतरी घोटाळा होता का? मला एक सूर सारखा टोचत होता. नातू म्हणाला, आजोबा, तुमच्या कानात मळ आहे. डॉक्टरकडून साफ करून घेतला. पण तेव्हा टोचत होतं हे नक्की.’

आजोबा, डाव्या बाजूला मी होते.

पंचमाची खुंटी सरकत होती. हवा दमट होती, वरनं दिवे, आणि निघायच्या घाईत त्या खुंटीला खडू लावायचा राहिला. खडू लावला की खुंटी जागेवर धरते. शाळेत इतकी वर्षं खडू हातात धरला आणि त्या दिवशी विसरले. शेवटच्या अर्ध्या तासात पंचम अगदी थोडा खाली गेला. मी दोनदा चढवला, दोनदा उतरला. बंदिश रंगात आली होती, तिसऱ्यांदा खुंटीला हात लावायचं धाडस झालं नाही. मग ती तार मी हळू छेडत राहिले, म्हणजे लक्षात येणार नाही. गवयांच्या लक्षात आलंच, त्यांनी एकदा मान तिरकी केली, पण बोलले नाहीत. पुढच्या रांगेत तीन संगीत विशारद बसलेले होते. कार्यक्रमानंतर त्यांनी येऊन तंबोरे उत्तम लागले होते म्हणून सांगितलं, आणि मी ‘थँक्यू’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबोरा गल्लीत नेला. कारागिरांनी खुंटी काढली, बोटावर फिरवून बघितली, एका बाजूनं घासली गेली होती. नवी बसवायला त्यांनी दोन दिवस घेतले. आता सरकत नाही.

पुढच्या नवरात्रात नातवाला म्हणावं, आजोबांसाठी पुढं डाव्या हाताला एक खुर्ची ठेवलेली असेल. मी मंडळाशी बोलून ठेवलंय. सूर टोचला तर तिथूनच हात वर करा.